फुटाला अर्धा इंच

रविवार. अखेर ठरलं. कपाटातलं इटालेरीचं स्कॅनिया ट्रकचं मॉडेल-किट तसंच राहू दे. मला नाकाडी टाटा-मर्सिडीजच हवी. टाटांची टेल्को आणि मर्सिडीजवाली डेमलर-बेंझ यांचा करार 1954 साली झाला, 1969 साली संपला. माझा ट्रक त्या मधल्या काळातला, नाकावर तारा मिरवणारा. तयार किट मिळालं नाही, म्हणजे चासीपासून सगळं हातानं.

प्रमाण 1:24. हिशेब सोपा: फुटाला अर्धा इंच. 9.00-20चा टायर साधारण मीटरभर उंच, म्हणजे मॉडेलचं चाक 42 मिलिमीटरचं. चाकं आधी मिळवायची. ती चुकली की सगळाच ट्रक खेळणं वाटतो. (मागच्या खेपेला केबिन आधी केली होती. ती अजून माळ्यावर आहे.)

केबिनला स्टायरीनची शीट. हौदा मात्र खऱ्या लाकडाचा, आणि फाळका उघडणारा. रंग नवाकोरा नको, घाटात धूळ खाल्लेला हवा.

बंपरखालच्या लिंबू-मिरचीवर तासभर गेला. चार सेंटिमीटरचं लिंबू चोविसानं भागलं तर जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. स्वयंपाकघरात जाऊन मिसळणाचा डबा उघडला. मोहरी बरोबर बसते. पिवळी रंगवायची.