किलबाबा कोण होता?

आखाती युद्ध संपून वर्ष उलटलं आणि अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने सेगाच्या मेगा ड्राइव्हसाठी एक गेम आणला : ‘डेझर्ट स्ट्राइक : रिटर्न टू द गल्फ’. साल १९९२. आमच्या कोकणात असली यंत्रं आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांच्या बॅगेतून यायची. आमच्या घरीही तशीच आली.

गेमची कारागिरी आजही दाद द्यावी अशी आहे. माइक पोझेन यांनी रचलेलं हे अपाचे हेलिकॉप्टर बटण सोडलं तरी लगेच थांबत नाही, थोडं पुढे घसरतं. म्हणजे त्याला वजन आहे. वाळवंट तिरक्या कोनातून दिसतं आणि कुठेही उडायची मुभा असते. पण इंधन सतत जळत राहतं. दारूगोळा मोजका : बंदुकीच्या ११७८ गोळ्या, ३८ हायड्रा रॉकेट्स, ८ हेलफायर क्षेपणास्त्रं. त्यामुळे नुसता गोळीबार करून भागत नाही. नकाशा उघडून आधी रडार, मग विमानतळ असा क्रम लावावा लागतो. अडकलेली माणसं दोराने उचलून तळावर पोहोचवली की हेलिकॉप्टरची मोडतोडही भरून निघते. गोळ्यांच्या खेळात माणूस वाचवण्याला एवढी किंमत क्वचितच मिळते.

आता शत्रू. त्याचं नाव जनरल किलबाबा. ‘किल’ म्हणजे इंग्रजीतलं मारणं आणि ‘बाबा’ म्हणजे आपण घरातल्या वडीलधाऱ्याला मारतो ती हाक. पुढच्या वर्षीच्या ‘जंगल स्ट्राइक’मध्ये त्याचा मुलगा येतो, इब्न किलबाबा. उर्दूच्या तासाला मी मुलांना सांगते, ‘इब्न’ म्हणजे मुलगा. इब्न बतूता, इब्न सीना. म्हणजे या खलनायकाला स्वतःचं नावच नाही, तो नुसता ‘किलबाबाचा मुलगा’. हेलिकॉप्टर किती घसरावं याचा एवढा बारकाईने विचार करणाऱ्यांना एक धड अरबी नाव शोधावंसं वाटलं नाही.

हा राग पुस्तकी नाही. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा माझे मामू तिथे नोकरीला होते. लाखाहून जास्त भारतीय अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी परतले, त्यांतले ते एक. वाटेत अरब घरांनी त्यांना पाणी दिलं, रोटी दिली. आम्ही खेळत असताना मामू मागे बसून बराच वेळ पडदा बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, “यात सगळी ठाणीच आहेत. तिथे तर माणसं राहतात गं.”

माझ्या वर्गातली मुलं आता मोबाइलवर याहून कितीतरी खरे दिसणारे युद्धाचे गेम खेळतात. मी त्यांना अडवत नाही. फक्त विचारते, समोरच्याचं नाव काय आहे? आणि ते कुणी ठेवलं?