वर बघा, तुळईकडे!

दोस्तांनो, यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावच्या नावातच झाड आहे. बाभळीचं लाकूड चिवट, पण वाकडंतिकडं. त्याची बैलगाडीची चाकं होतील, नांगर होईल. देवळाची लांबलचक तुळई मात्र व्हायची नाही. ती सागाचीच! साग सरळ वाढतो, त्याच्यातल्या तेलामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही, आणि सागाच्या रानांसाठी तर हा जिल्हा प्रसिद्धच.

पुण्याजवळ थेऊरला थोरल्या माधवराव पेशव्यांनी बांधवलेला लाकडी सभामंडप आहे. असा एखादा जुना मंडप पाहायला मिळाला, तर आधी खांबाच्या पायाशी बघा. खांब सहसा जमिनीत पुरत नाहीत. तळखड्यावर, म्हणजे घडवलेल्या दगडावर, उभा करतात. ओल चढू नये म्हणून. मग छप्पर बघा. यवतमाळच्या सुमारे तिप्पट पाऊस कोकणात, म्हणून तिथली कौलारू छपरं चांगली उतरती. सुताराची विद्या तीच, पण हवापाणी निराळं!

आणि गंमत म्हणजे, चीनमधल्या लाकडी देवळांचे खांबही असेच दगडावर उभे असतात. तिथेही उत्तरेत थंडी, म्हणून भिंती जाड आणि छपराला हलकासाच बाक. दक्षिणेत पाऊस नि उकाडा. तिथे छपराचे कोपरे पाखरानं पंख उचलावेत तसे वर उठलेले.

उत्तरेत वुताई डोंगरात फोग्वांग मंदिर आहे. १९३७ साली ल्यांग सिचेंग आणि लिन हुइयिन हे वास्तुरचनाकार जोडपं खेचरांवरून तिथे पोचलं. छपरात काळोख, वटवाघळं आणि चक्क ढेकूण! देऊळ किती जुनं, ते काही कळेना. लिनबाईंना लांबचं चांगलं दिसायचं. एके दिवशी धुळीनं माखलेल्या तुळईवर त्यांना शाईची पुसट अक्षरं दिसली. तुळई पुसल्यावर देणगी देणाऱ्या बाईचं नाव वाचता आलं : निंग गोंगयू. तेच नाव बाहेरच्या दगडी स्तंभावर होतं, सालासकट. इसवी सन ८५७!

आपल्याकडे जीर्णोद्धार निघाला की आधी ऑइलपेंटचे डबे येतात, नाहीतर थेट स्लॅब. तुळईवर काही लिहिलेलं असेल, तर गेलंच ते. तेव्हा तुमच्या गावच्या देवळात रंगारी यायच्या आत एक चक्कर माराच. शिडीवर चढायचं नाही हं! बॅटरी आणि वही पुरे.