ठेंगणा पूल

मोठेबाबा गेल्यावर त्यांच्या पेटीत पत्र्याच्या डबीतल्या गऱ्या सापडल्या. झाकण काढलं आणि गंजाबरोबर नाल्याच्या चिखलाचा वास आला.

आरमोरीला जाताना आता गाडी नाल्यावरच्या नव्या उंच पुलावरून सुसाट निघते. या पुलावर माझा राग आहे. त्यावरून पाणी दिसतं, पण वास येत नाही. बाजूचा ठेंगणा पूल वैनगंगा फुगली, नाल्याचं पाणी तुंबलं की बुडायचाच. त्याला कठडा नव्हता. पुरात वाहून येणारी झाडं कठड्याला अडकली तर पाण्याचा सगळा जोर पुलावर येतो, म्हणून अशा पुलांना फार तर दगडी खुंट लावतात. आम्हाला गरी टाकून, पाय सोडून बसायला ते बरंच होतं. एसटी आली की सगळ्या गऱ्या एकदम वर. ड्रायव्हर गाडी हळू करून विचारायचा, "लागली का जी एखादी?" मोठेबाबा मान हलवायचे, हो की नाही ते कळू न देता.

नवा पूल आल्यावरही जुना कामाला येऊ शकतो. अमेरिकेत फ्लोरिडात टॅम्पा बे नावाची खाडी आहे. 9 मे 1980 ला वादळात एक जहाज तिथल्या पुलावर आदळलं, 35 माणसं गेली. 1987 मध्ये नवा पूल झाला आणि जुन्याची दोन्ही टोकं सरकारनं गरी टाकणाऱ्यांना देऊन टाकली. आपल्याकडे जुन्या पुलाला पेन्शन नाही. महाडला सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री रहदारीसकट गेला. आमच्या पुलाच्या तोंडाशी मुरमाचा ढीग टाकलाय. पोरं तो ओलांडून गरी घेऊन जातातच.

तिथंच मासे का लागायचे, ते मला फार उशिरा उमगलं. मृगाच्या पाण्यात मासे अंडी घालायला वर चढतात. पुलाखालच्या नळ्यांतून पाणी जोरात उसळायचं, त्यांना चढता यायचं नाही, मग ते खाली घोटाळत राहायचे. म्हणजे पुलानंच त्यांची वाट अडवली होती. मोठेबाबांना हे ठाऊक असावं. पोळ्याआधी ते गरीला हात लावत नसत. "पोटुशी हाय ते," म्हणायचे. मोठीआई मात्र ढिवरणीकडून तेच चढणीचे मासे घ्यायची, अंड्यांसकट रस्सा करायची, आणि मोठेबाबा दुसऱ्यांदा वाढून मागताना कुणाकडे बघायचे नाहीत.