ग्वारीघाटची काळी माती

जबलपूर शहराच्या दक्षिणेस, नर्मदेच्या उत्तर तीरावर ग्वारीघाट वसला आहे. सायंकाळची आरती आणि पैलतीरावरील गुरुद्वारा यांमुळे येथे यात्रिकांची वर्दळ नित्याचीच. गोंदियाकडून सातपुडा ओलांडून येणारी अरुंद रुळांची लहान गाडी २०१५ पर्यंत येथील स्थानकावर थांबत असे. आता त्या मार्गावर रुंद रूळ आले आहेत. १९५६ पर्यंत जबलपूर हे नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होते. त्यामुळे नोकरीनिमित्त येऊन येथेच स्थिरावलेली मराठी घराणी शहरात पुष्कळ आढळतात. त्यांतील काहींनी अलीकडे नदीच्या ओढीने घाटाकडे नवी घरे बांधली आहेत. माझी मावशी त्यांपैकीच एक.

येणारा प्रवासी नदी पाहतो. पायाखालची माती मात्र सहसा त्याच्या दृष्टीस पडत नाही. नर्मदेच्या खोऱ्यातील ही काळी, भारी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात तिला हात शिरेल एवढ्या भेगा पडतात, तर आषाढात तीच पायाला लोण्यासारखी चिकटते. वर्षाकाठी येथे सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांतच.

मावशीच्या अंगणातील जमीन मात्र भेगाळण्याच्याही पलीकडे गेली होती. घर भर पावसाळ्यात बांधले गेले. विटांच्या आणि रेतीच्या मालमोटारी ओल्या मातीवरून महिनोन्‌महिने फिरल्या आणि कणकेसारखी मळलेली ती माती पुढे उन्हात भाजून निघाली. पायातून निघालेला खालचा निर्जीव थर कंत्राटदाराने वर पसरून दिला, तो निराळाच. पहार मारली तर टणत्कार होई.

नागपूरचे जुने घर विकताना मावशीने तेथील पारिजातकाच्या फांद्यांपासून दोन रोपे केली होती. त्यांतील एक माळ्याने खड्डा खणून, त्यात विकतची सुपीक माती भरून लावले. श्रावणापर्यंत ते तरारले आणि भाद्रपदात मेले. ज्या जमिनीतून पाणी झिरपत नाही तिच्यात खणलेला खड्डा म्हणजे हौदच. आत कितीही चांगली माती घाला, मुळे त्यात गुदमरतात. जुने झाड घराबरोबर गेले होते, आणि नव्या मालकाने ते तोडल्याचेही कळले. उरलेले एक रोप पत्र्याच्या डब्यात जिन्याखाली होते.

शेजाऱ्यांनी सल्ला दिला, नदी जवळ आहे, दोन गाड्या रेती मिसळा. हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि बहुधा चुकतो. चिकणमातीत थोडी रेती मिसळल्याने ती भुसभुशीत होत नाही, उलट अधिकच घट्ट बसते. गुण यावा तर निम्म्याहून अधिक रेती हवी. शिवाय नर्मदेचे पात्र त्यासाठी का उपसावे, हा प्रश्न उरतोच.

उपाय सांगितला तो दूध घालणाऱ्या वृद्ध कक्काजींनी. त्यांचे बालपण पाटणकडील शेतात गेलेले. त्या भागात ‘हवेली’ नावाची जुनी पद्धत होती. शेताभोवती उंच बांध घालून पावसाचे पाणी कोंडायचे, सप्टेंबरच्या अखेरीस ते खालच्या शेतात सोडायचे आणि जमीन निवळताच गहू-हरभरा पेरायचा. पाण्याखाली तण कुजे, नांगरटही बेताचीच लागे. सोयाबीन आल्यापासून ही पद्धत पुष्कळशी मागे पडली. कक्काजींनी मावशीची कुदळ बाजूला ठेवविली आणि म्हणाले, “बतर आने दो, बाई.” आपण ज्याला वाफसा म्हणतो, तोच हा बतर.

वाफसा ओळखणे अवघड नाही. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबावी आणि गोळा कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो फुटून विखुरला तर काम करावे. नुसता चेपला तर थांबावे, कारण ओल्या मातीत घातलेली कुदळ तिला आणखी लिंपते. गोळाच होत नसेल तर आधी पाणी द्यावे.

दसरा उलटल्यावर तो दिवस आला. मोजक्या पट्ट्यांतच खणले. ढेकळे फोडून पीठ केले नाही. ती तशीच मोठी ठेवून त्यांत शेणखत आणि पाचोळा भरला. हिवाळ्याचे दव आणि पुढचे ऊन यांनी, ओलावून आणि वाळवून, ती आपोआप फोडली. ज्या मातीच्या फुगण्या-आकसण्याने भिंतींना तडे जातात, तिचाच हा गुण येथे कामी आला. पावसाच्या प्रारंभी ताग पेरला, फुलावर येताच कापून गाडला. वाफे दीड वीत उंच केले आणि पायवाट आखून दिली. वाफ्यात पाय ठेवण्याची मनाई नातवंडांनाच काय, पाहुण्यांनाही आहे. मलाही एकदा बोलणी बसली!

दुसऱ्या वर्षी ज्येष्ठात पारिजातक लावला; खड्ड्यात नव्हे, मातीच्या उंचवट्यावर. त्या पावसाळ्यात नर्मदा घाटाच्या पायऱ्या बुडवून वाहत असता मावशी छत्री घेऊन दर सकाळी बुंध्याशी बोट खुपसून पाहत असे. पाणी साचले नाही. आता रोपाने दोन पावसाळे काढले आहेत. पानांना खरखरीतपणा आला आहे, उंची मावशीच्या खांद्याशी पोहोचली आहे. फूल अद्याप आलेले नाही.