किती मिनिटं लागतील?

मागच्या वर्षी दसऱ्याला मी पप्पांसाठी एअर कंप्रेसर घेतला. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच हातात बरा बोनस आला होता. आईला साडी घेतली. पप्पांचं आधीच ठरलं होतं. अठरा चाकांचा ट्रेलर चालवणाऱ्या माणसाला हवेपेक्षा जास्त काळजी कशाची असणार?

तीन रात्री मोबाईलवर शोधाशोध केली. किंमत बघितली, स्टार बघितले, लोकांचे फोटो बघितले. पप्पांच्या टायरमध्ये ११० पीएसआय हवा लागते आणि डब्यावर ठळक अक्षरात ‘१५० पीएसआय’ लिहिलेलं होतं. ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते आणि हा कंप्रेसर १२ व्होल्टचा, हेही माझ्या लक्षात होतं. म्हणून मुद्दाम बॅटरीला चिमटे लावायचा घेतला. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यातल्या एकीवर तो चालला असता. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेल्या मुलीने एवढं तरी बघायलाच हवं, असं मनात म्हणत मी ऑर्डर टाकली.

दसऱ्याला पप्पांनी जॅक, टॉमी आणि पाने पुसून पाटावर मांडले. शेजारी माझा कंप्रेसर ठेवला. त्याला हळदकुंकू लागलं, वर झेंडूचं फूल आलं. पप्पांनी चष्मा लावून डब्यावरचं सगळं बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, “भारी आहे. घरीच राहू दे, गाडीतून कुणीतरी उचलून नेईल.”

मला वाटलं, किती जपतायत.

पप्पा न्हावा शेवा बंदरातून कंटेनर उचलतात, एक्स्प्रेस वेने तळेगावला उतरतात आणि तळेगाव-चाकण रस्त्याने कंपन्यांच्या गेटपर्यंत येतात. आम्ही महाळुंग्यात राहतो. या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला त्याबद्दल वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजूंना ट्रेलरच्या रांगा, मधून शिफ्टच्या बसेस आणि त्यांच्यामधून वाट काढणारी आमच्यासारखी दुचाकीवरची माणसं.

डिसेंबरमध्ये एका रात्री दहाच्या सुमारास पप्पांचा फोन आला. “इंदुरीच्या पुढं थांबलोय. मधल्या एक्सलचं आतलं टायर बसलंय. उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या.”

“मी कंप्रेसर घेऊन येते,” म्हणाले आणि ते काही बोलायच्या आत फोन ठेवला.

पोचले तेव्हा ते टॉर्च घेऊन चाकापाशी वाकले होते. चहाला थांबल्यावर नेहमीसारखी सगळी टायरं टॉमीने ठोकून बघताना त्यांना हे सापडलं होतं. भरलेलं टायर टणटणीत वाजतं, बसलेलं धप्प करतं. गेजवर चाळीस दिसत होतं. आता ते टायरच्या बाजूवरून हात फिरवत होते. कुठे फुगवटा आहे का, चटका बसेल इतकं तापलंय का, रबर जळाल्याचा वास येतोय का, असं सगळं चाललं होतं. भरलेल्या गाडीखाली टायर कमी हवेवर लांबपर्यंत पळालं तर आतून खराब होतं. तसल्या टायरमध्ये रस्त्यावर हवा भरायचीच नाही, चाक उतरवून पंक्चरवाल्याकडेच न्यायचं. हे टायर गार होतं. व्हॉल्व्हला थुंकी लावली तर बुडबुडा आला. पिन ढिली होती. पप्पांनी ती घट्ट केली.

मी चिमटे लावले, बटण दाबलं. कंप्रेसर मोठ्या उत्साहात खडखडायला लागला. नोझलमधून फुसफुस आवाज येत होता, कारण ती तिरकी बसली होती. पप्पांनी सरळ करून दिली. काटा भराभर सत्तरवर गेला आणि मी खूश झाले. दहा मिनिटांनी बंद करून बघितलं तर काटा बावन्नवर. चालू असताना गेज पाइपमधला दाब दाखवतो, टायरमधला खरा आकडा बंद केल्यावरच कळतो. परत चालू केला. दोन मिनिटांत तो स्वतःच बंद पडला.

फ्यूज उघडून बघितला, चांगला होता. चिमटे हलवून बघितले. कंप्रेसरला हात लावला तर इस्त्रीसारखा गरम. पप्पा शांतपणे म्हणाले, “तापलाय. गार होऊ दे.”

कंटेनर बाराच्या आत गेटवर पोचायला हवा होता. अकरा वाजत आले होते. गार होण्याची वाट बघत मी डबा उलटा केला आणि मागचा बारीक मजकूर पहिल्यांदा वाचला. हवा : मिनिटाला ३० लिटर. सलग १० मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये.

मग मोबाईलवर हिशोब केला. ट्रेलरच्या १०.००-२० मापाच्या टायरच्या पोटात साधारण १२० लिटर जागा असते. ११० पीएसआय म्हणजे साडेसात बार. १२० गुणिले साडेसात म्हणजे जवळपास ९०० लिटर हवा त्यात दाबून बसवायची. कारच्या टायरला साठ-सत्तर लिटर पुरतात, म्हणून हा कंप्रेसर कारला दोन-तीन मिनिटांत खूश करतो. चाळीसवरून एकशेदहावर जायला मला ५८० लिटर हवे होते, म्हणजे कागदावर वीस मिनिटं. पण ३० लिटर हा आकडा समोर काहीच दाब नसतानाचा. टायर भरत जातं तशी हवा कमी कमी जाते. त्यात दहा मिनिटं चालवा आणि पंधरा मिनिटं थांबा. तास-दीड तास सहज गेला असता, आणि शेवटचे वीस-तीस पीएसआय कदाचित चढलेच नसते.

‘फ्री एअर डिलिव्हरी’ची व्याख्या मी परीक्षेत लिहिली होती, पूर्ण मार्कही मिळवले होते. माझ्या कंपनीत डोक्यावरून हवेची लाईन जाते आणि कंप्रेसर रूमच्या बाहेर सीएफएम लिहिलेला बोर्ड आहे. दापोडी आणि हडपसरमध्ये कंप्रेसर बनवणारे जुने कारखाने आहेत. या सगळ्यात वाढलेली मी खरेदीला बसले आणि फक्त मोठ्या अक्षरातलं वाचलं.

“पप्पा, याने होणार नाही.”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“डब्यावर लिटर वाचले होते.”

“मग तेव्हाच सांगितलं का नाही?”

“दसऱ्याच्या दिवशी?”

ते केबिनमागे गेले आणि गुंडाळलेला लांब काळा पाइप घेऊन आले. ट्रेलर ओढणाऱ्या घोड्याला स्वतःचा कंप्रेसर असतो, ब्रेकसाठी. त्याच्या हवेच्या लाईनवर टायर भरायला एक तोंड दिलेलं असतं. त्यांनी पाइप जोडला, इंजिन चालू केलं. या सगळ्यासाठी मी येण्याची गरजच नव्हती.

मी गेज बघायला चाकासमोर उकिडवी बसले आणि पप्पा ओरडले. एवढ्या मोठ्याने ते माझ्यावर कधीच ओरडले नव्हते. “बाजूला हो! रिंगसमोर बसू नको!”

ट्यूबच्या टायरला रिमवर लोखंडी रिंग बसवलेली असते. ती नीट बसली नसेल तर हवा भरताना सुटून उडते. पप्पांच्या उस्तादाचा जबडा तशाच रिंगने फुटला होता, पप्पा तेव्हा क्लीनर होते. ही गोष्ट मला त्या रात्री पहिल्यांदा कळली. पाइप लांब का ठेवायचा आणि नोझल चिमट्याची का घ्यायची, हेही तेव्हाच कळलं. हवा चालू असताना माणूस चाकापासून लांब, बाजूला उभा राहिला पाहिजे.

थोड्या वेळात काटा नव्वदवर आला. ब्रेकच्या टाक्या ठरावीक दाबाला भरल्या की तो कंप्रेसर पुढे दाब देत नाही, त्यामुळे पूर्ण एकशेदहा त्यातून मिळेलच असं नाही. पण चाकणच्या अलीकडच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत हळूहळू जायला तेवढं पुरलं. दुकानातल्या तीन एचपीच्या, टाकीवाल्या कंप्रेसरने उरलेलं काम बघता बघता केलं. गेटवर पोचायला साडेबारा वाजले. पप्पांनी ती रात्र गेटबाहेर केबिनमध्ये काढली आणि सकाळची खेप त्यांच्या हातून गेली. मी परस्पर फोन ठेवला नसता तर ते अकराच्या आत तिथून निघाले असते.

“तुम्ही आधीच पाइप का नाही काढला?” मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

“एवढ्या थंडीत स्कूटर मारत आलीस. म्हटलं, करू दे.”

आता ऑफिसात कुणी मला कोणता कंप्रेसर घेऊ म्हणून विचारलं तर मी उलट विचारते : टायर कुठलं आणि थांबायला वेळ किती? पीएसआय कुठल्याही डब्यावर सापडेल. लिटर किंवा सीएफएम शोधा. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला २८ लिटर. सलग किती मिनिटं चालतो ते बघा. व्होल्ट बघा. बंद पडला तर लगेच परत पाठवू नका. आधी गार होऊ द्या, मग फ्यूज, चिमटे, नोझल आणि हवेचा फिल्टर बघा. आपल्याकडच्या धुळीत फिल्टर लवकर भरतो.

माझा कंप्रेसर आता आमच्या चाळीचा आहे. स्कूटर, शेजारच्या काकांची कार, पोरांच्या सायकली, सगळ्यांना तो पुरतो. पप्पांना मी चांगलं गेज आणि व्हॉल्व्हला लावायचा लांब जोड आणून दिला. दोन्ही गाडीतच असतात.

या दसऱ्याला पप्पांनी पाटावर हत्यारं मांडली आणि शेवटी खाली जाऊन कंप्रेसर स्वतः घेऊन आले. मी त्यांना मोबाईलवर एक नवा दाखवत होते, २४ व्होल्टचा, दोन सिलिंडरचा. त्यांनी चष्मा शोधला.

“किती लिटर आहे?” त्यांनी विचारलं. “मिनिटाला?”