पदकाची कड

कोल्हापूरच्या गुजरीत जुनं पदक दाखवलं की पहिला प्रश्न वजनाचा. चांदी असेल तर कस बघायचा, भाव सांगायचा आणि मोडीत घ्यायचं. त्यावर नाव कुणाचं, ते कुठल्या प्रदर्शनात मिळालं, याच्याशी दुकानदाराला कर्तव्य नसतं. त्याचा धंदाच तो. ब्राँझच्या पदकाला मात्र तो हात लावत नाही. म्हणून ती शिल्लक राहिली, आणि पेन्शनीवर भागवणाऱ्या माझ्यासारख्याला परवडली.

मी चित्रकलेचा मास्तर. कोडोलीतच नोकरी केली, कोडोलीतच राहिलो. हा नाद लागला तो राजा रविवर्म्यामुळं. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याची दहा चित्रं गेली आणि गौरवली गेली, हे सर्वांना ठाऊक असतं. पण पुस्तकं उघडावीत तर एकात दोन पदकं, दुसऱ्यात तीन, आणि तीही सोन्याची. निवृत्तीनंतर हे पदक दिसतं तरी कसं म्हणून शोधायला बसलो, तेव्हा कळलं की शिकागोत सोन्याचं अधिकृत पदक नव्हतंच. पहिला, दुसरा, तिसरा अशी प्रतवारीही नव्हती. चित्रकार असो नाहीतर यंत्रांचा कारखानदार, बक्षीसपात्र ठरलेल्या सगळ्यांना एकच ब्राँझचं पदक. शिवाय परीक्षकांना रविवर्म्याची चित्रं भावली ती प्रांतोप्रांतीच्या स्त्रियांची चेहरेपट्टी, नेसण आणि दागिने त्यांत बारकाईनं टिपलेत म्हणून. मानववंशशास्त्राचा पुरावा म्हणून झालेलं हे कौतुक चित्रकाराला कितपत गोड लागलं असेल, शंकाच आहे.

मग ते पदक आपल्याकडं हवंच, असं झालं. मुंबईच्या एका नाणी विकणाऱ्यामार्फत ते पोस्टानं गावात आलं. व्यास ७६ मिलिमीटर, म्हणजे तळहात भरतो. पुढच्या बाजूला किनाऱ्यावर पाऊल टाकणारा कोलंबस. हे काम ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराचं, आणि काय काम आहे! मागच्या बाजूसाठी त्यानं उघडा मुलगा घडवला होता. त्यावरून अमेरिकेत गहजब झाला, आणि ती बाजू टांकसाळीतल्या चार्ल्स बार्बरकडून नव्यानं करून घेतली गेली. बार्बरची बाजू मला सरकारी दाखल्यासारखी वाटते, नुसती भरगच्च. या घोळात विजेत्यांच्या हाती पदकं पडायला १८९६ उजाडलं.

तरी बार्बरच्या बाजूवर एक गोष्ट आहे, जिच्यासाठी मी त्याला माफ करतो. तिथं नावाची पट्टी आहे. साच्यातला तेवढाच तुकडा बदलून प्रत्येक विजेत्याचं नाव उठावात घेतलेलं. माझ्याकडच्या पदकावर दोऱ्याच्या एका कारखान्याचं नाव आहे. रविवर्म्याचं मला कुठलं मिळायला!

पदकासोबत ॲल्युमिनियमची डबी आली. घरी येणारा प्रत्येकजण ‘जर्मनची डबी’ म्हणून ती बाजूला सारतो आणि पदक उचलतो. हा धातू स्वस्तात काढायची रीत १८८६ मध्ये सापडली. त्याआधी तो भलताच महाग होता. शिकागोच्या वेळी त्याची नवलाई ओसरलेली नव्हती. डबीशिवायचं पदक त्यामुळंच कमी किमतीला जातं.

गुऱ्हाळवाले शेजारी एकदा ते बराच वेळ उलटसुलट करत बसले.

“सर, हे मिशनचं हाय काय?”

कोडोलीत अमेरिकन मिशन एकोणिसाव्या शतकातच आलं. त्यामुळं जुनं आणि अमेरिकेचं म्हटलं की गावाला दुसरं काही सुचत नाही.

“नाही हो, मी विकत घेतलंय.”

“आणि सोनं किती ह्यात?”

“अजिबात नाही.”

“मग दिलं किती?”

मी उसाच्या बिलाचा विषय काढला.

सोन्याचं म्हणाल तर १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात सुवर्णपदकं होती, पण तीही ब्राँझवर मुलामा दिलेली. मुलामा परवडला, चिंच नको. ब्राँझवर टांकसाळीतच गडद तपकिरी झाक चढवलेली असते. विकणारे चिंच-मीठ लावून ती घासतात आणि वर चकाकीचे जास्त पैसे सांगतात. एकदा गेलेली झाक परत चढत नाही. असं पदक मी फुकट दिलं तरी घेत नाही.

सध्या डोक्यात आहे ते १८५१ चं लंडन. क्रिस्टल पॅलेसमधल्या त्या प्रदर्शनाच्या बक्षीसपदकावर व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे मुखवटे आहेत, विल्यम वायननं कोरलेले. विजेत्याचं नाव मात्र कडेवर, त्यामुळं फोटोत ते दिसतच नाही आणि विकणारेही सांगायचं विसरतात. हिंदुस्थानचा माल तिथं ईस्ट इंडिया कंपनीनं जमवून नेला होता: शाली, मलमल, हस्तिदंत, दागिने. शाल विणणाऱ्याचं किंवा हस्तिदंत कोरणाऱ्याचं नाव कडेवर येण्याची आशा फारशी नाही, हे मलाही कळतं. कंपनीचं नाहीतर एखाद्या संस्थानिकाचंच असायचं. तरी मी प्रत्येक विकणाऱ्याला लिहितो: दोन्ही बाजूंचे फोटो पाठवू नका, कड फिरवून फिरवून तिचे पाठवा. निम्मेजण उत्तर देत नाहीत. परवा एकानं पाठवले. कडेवर इंग्लंडमधल्या एका लोकरवाल्याचं नाव निघालं. घासाघीस चालू आहे.