तलासरीच्या ताईचं देणं

सत्तरी ओलांडल्यावर माझी आई पुन्हा चालायला शिकली. तिला शिकवणारी मुलगी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची, वारली घरातली, शिकून फिजिओथेरपिस्ट झालेली. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण तिनेच नको म्हटलं. पेशंटपासून त्यांच्या नातवंडांपर्यंत सगळे तिला ताई म्हणतात. माझ्याहून ती बरीच लहान, तरी मीही ताईच म्हणते. तिची फी आम्ही वेळच्या वेळी दिली, तिने ती घेतली, तो हिशेब मिटला. जे त्या हिशेबात बसत नाही ते माझ्याकडे तसंच राहिलं आहे, आणि ते कधीतरी लिहून ठेवलं पाहिजे असं आई गेल्यापासून वाटत होतं.

आई बालवाडीची बाई. साठच्या दशकाच्या अखेरीस ती डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला तयार झाली. ताराबाई मोडक तेव्हा हयात होत्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवरच्या कामात बुडालेल्या होत्या. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. माँटेसोरीची साधनं महागडी, म्हणून त्यांच्या जागी चिंचोके आले, शिंपले आले, बिया, पानं, खडे आले. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जायचं, यातून अंगणवाडी निघाली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच भरणारी कुरणशाळा निघाली. आईची सगळी नोकरी या विचारात गेली. ती नेहमी सांगायची, मुलाला 'हात वर कर' म्हणायचं नाही. फांदीला काहीतरी रंगीत बांधून ठेवायचं, हात आपोआप वर जातो.

2017 च्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन वापीला झालं. आमच्या भागातली माणसं मोठ्या दुखण्याला वापी-वलसाड गाठतात, त्याप्रमाणे आम्हीही गाठलं. ऑपरेशन चांगलं झालं, हाड जुळलं, एक्स-रे बघून डॉक्टर खूश झाले. आई मात्र पलंगावरून उठेना. घरी येताना व्यायामाचा छापील कागद मिळाला होता: टाच सरकवा, गुडघा दाबून धरा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. कागद उशीखाली राहिला. वॉकर धरून ती न्हाणीपर्यंत जायची आणि परत यायची, तेवढंच. तिला दुखत नव्हतं, तिला पडायची भीती वाटत होती. ही भीती फार लबाड असते. माणूस पडू नये म्हणून चालणं कमी करतं, न चालल्याने मांड्या वाळतात, आणि मांड्या वाळल्या की पडण्याची शक्यता वाढते. मी तेव्हा मुंबईला नोकरीत होते, शनिवारी डहाणू लोकल पकडून यायचे आणि प्रत्येक वेळी आई मला थोडी लहान झालेली दिसायची.

ताई आमच्याकडे आली ती कुणाच्या तरी ओळखीने. पहिल्या दिवशी तिने व्यायामाचा विषयच काढला नाही. खुर्चीतून उठा, दारापर्यंत जा, वळा, परत येऊन बसा, एवढंच सांगितलं आणि घड्याळ लावलं. तीन मीटर जाणं, तीन मीटर येणं. म्हाताऱ्या माणसांचा तोल पाहायची ही चाचणी 1991 पासून जगभर चालते, हे मला नंतर समजलं. आईला लागलेला वेळ तिने वहीत लिहिला, वही मिटली आणि आमच्या टीव्हीकडे बघत विचारलं, "बाई, या खोलीत पलंगापासून भिंतीपर्यंत किती जागा आहे?"

पुढच्या खेपेला तिच्या पिशवीतून एक्सबॉक्स 360 हे खेळयंत्र आणि एक काळी आडवी पट्टी निघाली. मुंबईत शिकताना तिने दोन्ही जुन्या बाजारातून घेतले होते. पट्टीचं नाव किनेक्ट. निन्टेन्डोने 2006 मध्ये वी नावाचं खेळयंत्र आणलं, त्यात हातात रिमोट धरून तो हलवायचा असे. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांमधून त्यावर बोलिंगच्या स्पर्धा रंगू लागल्या होत्या. मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टने नोव्हेंबर 2010 मध्ये हातातला रिमोटही काढून टाकला. ही पट्टी खोलीत डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरणांचे ठिपके फेकते, समोरचं माणूस किती लांब आहे ते त्यावरून काढते आणि त्याच्या शरीरातले वीस सांधे सेकंदाला तीस वेळा ओळखत राहते. तुम्ही हात उचलला की पडद्यावरचं माणूस हात उचलतं.

हे बनवलं होतं तरण्या पोरांसाठी. म्हणून त्यातलं काय घ्यायचं आणि काय टाकायचं हे ठरवण्यातच ताईचं कसब होतं. उड्या मारायचे खेळ तिने पहिल्याच दिवशी बाद केले. उरलेल्यांपैकी एकात तुम्ही समुद्राखाली काचेच्या खोलीत उभे असता, मासे येऊन काचेला धडकतात, तडा जातो, पाणी आत येऊ लागतं, आणि ते भोक हाताने नाहीतर पायाने बुजवायचं. आईच्या कमरेला रुंद पट्टा बांधून, तो मुठीत धरून ताई मागे उभी राहिली. बाजूला भक्कम खुर्ची ठेवली. डावीकडची काच फुटली. आईने हात लांबवला. मग उजवीकडची, जरा खाली. "अगं, इकडे पण फुटलं की!" असं म्हणत ती झुकली आणि तिचा सगळा भार ऑपरेशन झालेल्या पायावर गेला. ज्या पायावर ती कितीतरी आठवडे टेकत नव्हती, त्यावर ती उभी होती आणि तिला पत्ताही नव्हता. मी दारात उभी होते. ताईने माझ्याकडे पाहून बोलू नका अशी खूण केली.

ताईने मला नंतर समजावलं की, माणूस स्वतःच्या पायाकडे लक्ष देऊन चालायला गेलं की अडखळतं. लक्ष बाहेरच्या गोष्टीवर असलं की शरीर आपलं गणित आपण सोडवतं. आईला हे समजवावं लागलं नाही. फांदीला बांधलेलं रंगीत काहीतरी तिने समोर ओळखलं होतं.

अडचणी पुष्कळ आल्या आणि त्या आमच्याच भागातल्या होत्या. खिडकीतून ऊन आलं की त्यातल्या इन्फ्रारेडने यंत्र आंधळं व्हायचं, म्हणून खिडक्यांना काळं कापड लागलं. खेळ रंगात आला की वीज जायची. आणि आईची पाचवारी साडी! निऱ्यांच्या आत पाय कुठे आहेत ते यंत्राला उमगेना, पडद्यावरच्या बाईचे पाय वेडेवाकडे हलायचे. शेवटी आईने आयुष्यात पहिल्यांदा माझी सलवार घातली. ताईच्या घरी येणाऱ्या वारली आज्यांना ही अडचण कधीच आली नाही. त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत, पोटऱ्या मोकळ्या. यंत्र त्यांना बघताक्षणी ओळखायचं.

या आज्या जमायच्या ती ताईच्या घरची खोली मला घरच्यासारखी ओळखीची झाली. आई जरा धीट झाल्यावर आम्ही तिला रिक्षाने तिकडे नेऊ लागलो. आठवड्यातून एक दुपार तिथे म्हातारी माणसं जमायची. चिकूच्या वाडीत जन्मभर राबून गुडघे धरलेल्या दोघी-तिघी, डाव्या अंगावरून लकवा गेलेले एक आजोबा, आणि माझी आई. खेळातलं इंग्रजी संगीत ताई बंद करायची आणि मोबाइलवर तारपा लावायची. भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांतून निघणारा तो सूर ऐकला की त्या आज्यांचे पाय कुणी न सांगता तालावर पडायचे. तारप्याच्या नाचात कमरेला हात घालून साखळी करायची, वादकाभोवती फिरायचं, त्याने सूर बदलला की पावलं बदलायची. तोल, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार, अचानक वळणं, सगळं त्यात आहे. या बायकांना व्यायाम नवा नव्हता. वयाने त्यांच्याकडून नाच तेवढा काढून घेतला होता.

एकदा ताईने किनेक्ट लॅपटॉपला जोडून त्याला माणूस कसं दिसतं ते दाखवलं. पडद्यावर नुसते ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. खांदे, कंबर, गुडघे. एक आजी जवळ गेल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ही तर चौकातली माणसं. लग्नाच्या वेळी भिंतीवर काढायच्या चौकात त्यांनी तरुणपणी तांदळाच्या पिठाने काढलेली दोन त्रिकोणांची, काड्यांच्या हातापायांची माणसं. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ती जगभर गेली. माणूस ओळखू यायला त्याचा डौल पुरतो, चेहरा लागत नाही, हे या बायका कधीपासून जाणत होत्या.

मी फार भारावून बोलू लागले की ताई मला थांबवायची. लकव्यानंतरच्या उपचारांवर 2017 मध्ये, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा मोठा आढावा निघाला, तो तिने मला समजावून सांगितला. हाताच्या हालचालींसाठी असे आभासी खेळ नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले नव्हते. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ते दिले आणि त्यामुळे सरावाचा वेळ वाढला, तर फायदा दिसत होता. म्हणून उशीखालचा तो छापील कागद तिने फेकू दिला नाही. खेळ संपला की टाच सरकवणं आणि गुडघा दाबणं व्हायचंच, आणि हसून दमलेली आई ते मुकाट्याने करायची. एकट्या म्हाताऱ्या माणसासमोर यंत्र ठेवून निघून जाणं म्हणजे त्याला पाडणं, हे ताईचं मत होतं आणि माझंही आहे. आईला उभं केलं ते पट्टा धरलेल्या मुठीने.

आता यातलं जे मला सर्वांत जड वाटतं ते लिहिते. या भागात देणं या गोष्टीने माणसं बांधली गेली होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की वारली नवरा-बायको त्याच्या घरी राबायला जात, लग्नगडी म्हणून, आणि ते देणं फिटत नसे. मे 1945 मध्ये झरीला आदिवासींची मोठी सभा भरली. किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्यांनी वेठबिगार आणि लग्नगडी नाकारले. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. ताईचे पणजोबा लग्नगडी होते. तिने हे मला एकदा रिक्षाची वाट पाहताना सांगितलं, सहज. मी तिला 'तुमचे उपकार कसे फेडू' असं काहीतरी बोलून गेले होते, त्यावर. मग म्हणाली, "आमच्याकडे देणं फेडायची भाषा कुणी करत नाही. माझी आई तुमच्या बाईंच्या बालवाडीत होती, मी मोजत बसले होते का?" तोवर मला हे माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. पहिल्याच दिवशी तिने पोरीला तिच्या आईच्या तोंडावळ्यावरून ओळखलं होतं आणि मला सांगायची गरज तिला वाटली नव्हती.

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास तर दिवसरात्र. 2019 च्या थंडीत लोक घरं सोडून तंबूत झोपत होते. म्हाताऱ्या माणसाला अंधारात उठून दाराबाहेर पडता येतं की नाही, हा घराघरातला प्रश्न झाला. एका रात्री आमची कौलं खडखडली. भाऊ आईच्या खोलीकडे धावला तर खोली रिकामी. ती अंगणात उभी होती, काठीसुद्धा न घेता. खुर्चीतून उठा, दारापर्यंत जा. ताई ज्यासाठी घड्याळ लावून बसायची ते हेच होतं.

आई 2021 मध्ये गेली, हृदयविकाराने. शेवटच्या आठवड्यापर्यंत हिंडतीफिरती होती.

मायक्रोसॉफ्टने किनेक्ट बनवणं 2017 मध्येच थांबवलं. ताईची पट्टी मध्यंतरी बंद पडली आणि दुरुस्त झाली नाही. आता ती लॅपटॉपच्या साध्या कॅमेऱ्यावर काम भागवते. गूगलची मीडियापाइप नावाची मोफत प्रणाली त्यातून शरीरावरचे 33 बिंदू ओळखते. तिच्या मामेभावाने, तो इंजिनिअरिंगला आहे, त्यावर चिकू तोडायचा खेळ बसवला आहे: उंच फांदीवरचा चिकू तोडायचा, वाकून टोपलीत ठेवायचा. म्हाताऱ्यांना झेपेल इतका सावकाश, आणि मागे तारपा.

तिला आणखी खेळ हवे आहेत. आईची बालवाडीची वही मिळेल का असं तिने विचारलं. कोसबाडला असल्यापासून आई त्यात हातापायांचे खेळ लिहून ठेवायची: वारा आला, झाड वाकलं, नदी ओलांडायची, दगडादगडावरून पाय टाकायचे. मी ती सध्या स्वच्छ अक्षरात उतरवून काढते आहे. काही पानांना पाणी लागून शाई पसरली आहे, तिथले खेळ अर्धेच कळतात. आईबरोबर काम केलेल्या एक बाई घोलवडला राहतात, त्यांना ते अजून पाठ आहेत. या शनिवारी त्यांच्याकडे जाऊन उरलेले लिहून घ्यायचे आणि वही ताईकडे पोचवायची.